शेवयांच्या आधींचें जापचे

कोरिया देशांत लग्नाची पंगत असो, वडील माणसाची साठी असो, कीं शरद ऋतूंतला छुसॉकचा सण असो, मोठ्या थाळींत रचलेला एक पदार्थ बहुधा पाहुण्यांच्या पुढें येतोच. पिंगट, लांबच लांब आणि आरपार दिसेल अशा चकचकीत शेवया. त्यांत गुंतलेल्या गाजराच्या तांबड्या काड्या, पालकाचीं हिरवीं पानें, अळंब्यांचे काळे तुकडे, अंड्याच्या पिवळ्या व पांढऱ्या पट्ट्या. आणि वर भाजलेल्या तिळांची पेरणी. या पदार्थाला जापचे म्हणतात. 'जाप' म्हणजे मिसळलेली आणि 'चे' म्हणजे भाजी. नांवाचा अर्थ 'मिश्र भाजी' एवढाच. शेवयांचा त्यांत उल्लेखहि नाहीं. जिनें अर्धी अधिक थाळी व्यापली त्या वस्तूचें नांवच नाहीं, ही गोष्ट चौकस माणसाला खटकल्यावांचून राहत नाहीं.

उलगडा सोपा आहे. नांव जुनें आहे आणि शेवया नव्या आहेत. दोहोंमध्यें सुमारें तीनशें वर्षांचें अंतर आहे. ज्या गृहिणीला हा पदार्थ घरीं करून त्याची अस्सल चव साधावयाची असेल, तिला हा इतिहास केवळ करमणुकीचा नाहीं. परदेशांतल्या स्वयंपाकघरांत जापचे बिघडतें तें बहुधा शेवयांपायीं नव्हे, भाज्यांपायीं. आणि तें कां बिघडतें हें जुन्या काळाकडे पाहिलें म्हणजे नीट कळतें.

जापचेचें पहिलें प्रसिद्ध दर्शन घडतें तें राजदरबारांत, आणि तेंहि कौतुकाच्या सुरांत नव्हे. ग्वांगहेगुन हा राजा १६०८ पासून १६२३ पर्यंत गादीवर होता. त्याच्या दरबारीं यी छुंग नांवाचा एक अधिकारी होता. हा गृहस्थ आपल्या घरीं नाना तऱ्हेच्या भाज्यांचें रुचकर जापचे करवून राजाकडे पाठवी. राजाला त्याची अशी चटक लागली कीं, यी छुंगच्या घरचें ताट आल्याखेरीज तो जेवणाला हात लावीत नसे, अशी त्या कारकीर्दीच्या इतिवृत्तांत नोंद आहे. पुढें यी छुंग महसुलाचा मंत्री झाला आणि लोक त्याला उपहासानें 'जापचे-मंत्री' म्हणूं लागले. एका रानटी मुळाचें पक्वान्न राजाला चारणाऱ्या दुसऱ्या एका मंत्र्यालाहि त्या मुळाच्याच नांवाची पदवी लोकांनीं बहाल केली होती.

ही नोंद वाचतांना तिचा लेखक कोण, हें मात्र विसरतां कामा नये. १६२३ सालीं ग्वांगहेगुनला पदच्युत करण्यांत आलें आणि १६४१ सालीं चेजू बेटावर हद्दपारींतच त्याचा अंत झाला. त्याच्या कारकीर्दीचें इतिवृत्त तयार झालें तें त्याला खालीं ओढणारांच्या अमदानींत. इतर राजांच्या इतिवृत्तांना 'सिल्लोक' ही मानाची संज्ञा आहे. याच्या इतिवृत्ताला नुसतें 'इल्गी', म्हणजे रोजनिशी, म्हणतात. तेव्हां मंत्रिपद निव्वळ भाजीवर मिळालें असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु भाजी प्रसिद्धच नसती तर ती थट्टा लोकांना समजलीच नसती, इतकें खरें.

याच इतिवृत्तांत एक बारकावा आहे. यी छुंग हिवाळ्यांत जमिनीखालीं घर बांधून त्यांत भाज्या लावी, असें तें सांगतें. कोरियाचा हिवाळा साधासुधा नसतो. नद्या गोठतात आणि हिरवें पान दृष्टीस पडत नाहीं. अशा ऋतूंत ताज्या भाजीची थाळी म्हणजे रत्नांचा नजराणाच. ही विद्या कोरियनांना नवी नव्हती. १४५० च्या सुमारास जॉन सुन-उई या राजवैद्यानें लिहिलेल्या 'सान्गा योरोक' या ग्रंथांत अशा उबदार घराची रचना दिली आहे: तीन बाजूंना भिंती, दक्षिणेकडे तेल पाजलेल्या कागदाच्या खिडक्या, आणि खालून विस्तवाच्या धगीनें तापविलेली जमीन. तेव्हां राजाची जीभ चाळविणारें जापचे हें खऱ्या अर्थानें भाजीचेंच वैभव होतें. त्यांत शेवईचा एक धागाहि नव्हता.

तें जापचे होतें तरी कसें, हें दरबारी बखरींतून कळत नाहीं. तें कळतें एका वृद्ध स्त्रीच्या हस्तलिखितावरून. आन्दोंगकडील जांग ग्ये-ह्यांग (१५९८-१६८०) ही विद्वान घराण्यांतली बाई. सत्तरी ओलांडल्यावर, १६७० च्या सुमारास, दृष्टि मंद झालेली असतांना तिनें आपल्या लेकीसुनांसाठीं पाककृतींचें एक पुस्तक लिहून ठेविलें. तें 'उमशिक दिमीबांग' या नांवानें ओळखलें जातें. त्या काळीं पुरुषांचे ग्रंथ चिनी लिपींत होत. हें पुस्तक हंगुल या लोकलिपींत आहे. त्यांत १४६ कृति आहेत. शेवटीं तिनें ताकीद दिली आहे कीं, मुलींनीं याच्या नकला उतरून घ्याव्या, परंतु मूळ पुस्तक सासरीं नेण्याचा विचारहि करूं नये आणि तें जपून ठेवावें. ही आज्ञा घराण्यानें पाळली, म्हणूनच पुस्तक आज जगाला ठाऊक आहे. पुस्तकें उसनीं नेऊन परत न करणाऱ्या आप्तेष्टांचा त्रास तीनशें वर्षांपूर्वींहि होताच, असें दिसतें.

या बाईंचें जापचे वाचण्याजोगें आहे. काकडी, मुळा, मुगाचे मोड, वांगें, कोहळा, कांद्याची पात, नेच्याचे कोंवळे कोंब, दोराजी नांवाचें मूळ, तीन-चार जातींचीं अळंबीं आणि कित्येक रानभाज्या. शिवाय शिजवून तंतु-तंतु सोडविलेलें फेझंट पक्ष्याचें मांस. प्रत्येक वस्तु बारीक आणि बोटाच्या दोन पेरांपेक्षां आंखूड चिरावी, आणि प्रत्येक वस्तु तेल व सोयारस यांवर निरनिराळी परतावी. मग सर्व एका मोठ्या भांड्यांत मांडून वर एक दाटसर रस घालावा. हा रस फेझंटचें बारीक केलेलें मांस, आंबविलेल्या सोयाबीनचा गाळून घेतलेला लगदा, तिळाचें तेल आणि थोडें गव्हाचें पीठ यांचा. सर्वांत वर आलें, मिरीं आणि छॉन्छो यांची पूड. कोंकणांत बांगड्याच्या कालवणांत तिरफळें टाकतात. छॉन्छो हें त्याच कुळांतलें. तांबडा रंग हवा तर कोंबड्याच्या फुलांनीं आणावा, तीं नसलीं तर रानद्राक्षांच्या रसानें. आणि एवढ्या वस्तु सांगून झाल्यावर बाई म्हणतात कीं, सर्वच जिन्नस असले पाहिजेत असा हट्ट नाहीं, मिळतील त्यांत भागवावें. असें म्हणणारीच स्वयंपाकांत मुरलेली असते.

या कृतींत मिरची नाहीं. सबंध पुस्तकांतच नाहीं. कोरियन जेवण म्हणजे लालभडक आणि तिखटजाळ, ही समजूत आज सर्वत्र पसरली आहे. परंतु मिरची त्या देशांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोंचली आणि घरोघर रुळावयास पुढें बराच काळ जावा लागला. जापचेनें तिला आजपर्यंत दारांत घेतलेलें नाहीं.

मग या भाजींत शेवया शिरल्या कोठून? त्यासाठीं पिवळ्या समुद्रापलीकडे, चीनकडे पाहिलें पाहिजे. धान्याचें किंवा कंदाचें सत्त्व काढून, तें शिजवून, भोंकांतून दाबून तार काढण्याची युक्ति चिनी लोकांना फार पूर्वीं साधली होती. सहाव्या शतकांतल्या 'चीमिन याओशू' या शेतीविषयक ग्रंथांत बैलाच्या शिंगाला भोंकें पाडून त्यांतून पिठाच्या सत्त्वाची धार उकळत्या पाण्यांत सोडण्याची कृति आहे. आपल्याकडे ज्या घरांत कुरडया होतात तेथें हें तत्त्व समजावून सांगावें लागत नाहीं. गहूं तीन दिवस भिजवावे, वाटावे, सत्त्व खालीं बसूं द्यावें, वरचें पाणी काढून टाकावें आणि उरलेलें शिजवावें. मग पांढराफेक द्रव पाहतां पाहतां आरपार दिसूं लागतो, आणि त्या चिकाची वाटी मुलांच्या हातीं पडते. पिष्टाचे कण गरम पाण्यांत फुगून फुटले कीं त्यांतून प्रकाश जाऊं लागतो. शेवईला कांचेची कळा येते ती यामुळेंच. गव्हाच्या पिठांतील चिकट भाग येथें राहिलेला नसतो, म्हणून ती साध्या शेवईसारखी पांढरी, मऊ होत नाहीं. फरक एवढाच कीं कुरडई आपण तळून फुलवितों. चिनी माणूस ती तार पुन्हां पाण्यांत शिजवितो.

शान्तुंग प्रांतांतल्या चाओयुआन भागांत मुगाच्या सत्त्वाच्या अशा शेवया होत आणि लुंगकोऊ बंदरांतून बाहेर जात. म्हणून लुंगकोऊच्या शेवया हेंच त्यांचें नांव पडलें. शान्तुंग आणि कोरिया यांच्यामध्यें फक्त पिवळा समुद्र आहे. १८८२ सालीं सोलमध्यें शिपायांचें बंड झालें, तें मोडण्याला चिनी फौज आली, आणि तिच्या मागून शान्तुंगचे व्यापारी, माळी व आचारी आले. दुसऱ्याच वर्षीं इंचॉन बंदर परदेशी व्यापाराला खुलें झालें. या मंडळींनीं आणलेल्या शेवयांना कोरियनांनीं 'दांगम्यॉन' म्हटलें. 'म्यॉन' म्हणजे शेवया, आणि 'दांग' म्हणजे चीनचें तें तांग घराणें. थोडक्यांत, चिनी शेवया.

१९१० सालीं जपाननें कोरिया गिळंकृत केला. पारतंत्र्याच्या त्या काळांत, १९१९ च्या सुमारास, यांग चे-हा नांवाच्या कोरियन उद्योजकानें ह्वांगहे प्रांतांतील सारीवॉन या गांवीं दांगम्यॉनचा कारखाना काढला. कारागीर चिनी, मालक कोरियन, राज्य जपानी. सारीवॉन हें आगगाडीच्या मुख्य रस्त्यावरचें ठिकाण, त्यामुळें माल उत्तरेस आणि दक्षिणेस सहज जाई. वाळवून ठेवितां येणारी, स्वस्त, थोडक्यांत पोट भरणारी अशी ती वस्तु शहरांतल्या लोकांच्या घरांत शिरली. भाज्यांची थाळी करावयास दहा जिन्नस आणि दहा जणींचे हात लागत. मूठभर शेवया घातल्या कीं तीच भाजी चौघांऐवजीं आठांना पुरे. दांगम्यॉन जापचेंत शिरण्याचें सर्वांत सबळ कारण हेंच असावें. राजाच्या ताटांतली वस्तु चाकरमान्याच्या घरच्या पंगतीला आली ती शेवईचा हात धरून.

हें सर्वांना रुचलें मात्र नाहीं. बांग शिन-यॉंग या शिक्षिकेनें आपल्या आईपासून शिकलेल्या कृति एकत्र करून १९१७ सालीं 'चोसॉन योरी जेबॉप' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि शिकलेल्या स्त्रियांच्या दोन पिढ्या त्यावर स्वयंपाक शिकल्या. १९२० नंतरच्या अशा पुस्तकांतून जापचेच्या यादींत दांगम्यॉन दिसूं लागते. तर १९२४ सालीं यी योंग-गी यांनीं आपल्या जाडजूड पाकग्रंथांत उकडलेल्या दांगम्यॉन जापचेंत घालणें चांगलें नव्हे, असें स्पष्ट म्हटलें. त्यांचें जापचे मोहरीच्या किंवा आंबट सोयाच्या रसाशीं खावयाचें होतें. आज त्यांच्या बाजूचा एखादा माणूसहि सांपडणें कठीण आहे. परंतु म्हाताऱ्याच्या हट्टांत अर्थ नव्हता असें म्हणतां येत नाहीं. शेवई ही चव शोषून घेणारी वस्तु आहे. तिला स्वतःची चव जवळजवळ नाहीं. भाज्यांच्या समुदायांत ती आली कीं प्रत्येक भाजीची वेगळी चव बुडून जाण्याचें भय असतें, आणि तें भय खरें होतें.

आणखी एक बदल त्याच काळांत झाला. पूर्वीं कोरियन घरांत सोयारस घरींच होई. शिजविलेल्या सोयाबीनच्या विटा करून त्या वाळवीत, आंबवीत आणि मिठाच्या पाण्यांत महिनोन्महिने मुरवीत. हा रस खारट आणि रंगानें फिका असे. जपानी पद्धतीच्या कारखान्यांतला सोया सॉस सोयाबीनबरोबर गहूं घालून केलेला, म्हणून गोडसर आणि गडद. त्याला साखरेची जोड मिळाली. आजच्या जापचेची ती खारट-गोड चव आणि तो तपकिरी तकाकणारा रंग या जोडीचा आहे. जांग बाईंनीं तो चाखला असता तर त्यांना तो बहुधा परकाच वाटला असता.

आज कोरियांत मिळणारी दांगम्यॉन मुगाची नसते. ती रताळ्याच्या सत्त्वाची असते. रताळें मूळचें अमेरिकेचें. तें फिरत फिरत जपानच्या बेटांपर्यंत आलें. १७६३ सालीं कोरियाच्या राजाचा वकील म्हणून जपानला निघालेला चो ऑम याला वाटेंत त्सुशिमा बेटावर हा कंद दिसला. दुष्काळांत प्रजेला उपयोगी पडेल हें ओळखून त्यानें बियाणें मायदेशीं धाडलें आणि कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर व चेजू बेटावर त्याची लागवड सुरू झाली. कोरियन भाषेंत रताळ्याला 'गोगुमा' म्हणतात. तो शब्द त्सुशिमाच्या बोलींतला आहे आणि त्याच्या मूळ रूपाचा अर्थ 'मातृपितृभक्तीचा कंद' असा आहे. उपाशी आईबापांना या कंदानें जगवितां येत असे, म्हणून तें नांव. रताळ्याच्या सत्त्वाची शेवई मुगाच्या शेवईहून जाड, करडी आणि चिवट असते. ती दांताखालीं रबरासारखी लवते पण तुटतां तुटत नाहीं. याच गुणावर कोरियन माणूस लुब्ध आहे.

१९४५ सालीं जपानचें राज्य गेलें आणि देशाचे दोन तुकडे झाले. सारीवॉन उत्तरेकडे राहिलें. १९५० ते १९५३ च्या युद्धांत लाखों माणसें दक्षिणेकडे लोटलीं. त्यांतलीं कितीतरी बुसान बंदराच्या आश्रयाला आलीं. डोक्यावर छप्पर नव्हतें तेथें दहा भाज्या कोठून येणार? बुसानच्या बुप्यॉंग बाजारांत आजहि 'बिबिम दांगम्यॉन' नांवाची एक वाटी मिळते, तिचा उगम लोक त्या निर्वासितांच्या दिवसांशीं जोडतात. उकडलेल्या शेवया, त्यांवर चिमूटभर पालक, मुरवलेल्या मुळ्याच्या चार काड्या, मासळीच्या वडीच्या दोन पट्ट्या आणि तिखट चटणी. राजाच्या थाळींत नुसती भाजी होती, शेवई नव्हती. निर्वासिताच्या वाटींत नुसती शेवई उरली, भाजी नांवाला. दोहोंच्या मधलें तें आजचें घरगुती जापचे.

आतां तें घरीं कसें करावें, याकडे वळतां येईल. जांग बाईंच्या कृतींतलें बहुतेक सारें बदललें: फेझंट गेला, छॉन्छो गेलें, दाट रस गेला, सोया बदलला, शेवया आल्या. एक गोष्ट मात्र बदलली नाहीं. प्रत्येक भाजी निराळी चिरावी आणि निराळी परतावी, हा नियम १६७० सालीं होता आणि आजहि कोणतीहि कोरियन सासू तोच सांगेल. सर्व भाज्या एकाच कढईंत एकदम टाकल्या कीं त्या एकमेकींच्या पाण्यांत उकडतात. गाजर कच्चें राहतें, पालकाचा चोथा होतो, आणि सर्वांची मिळून एकच चव लागते. मग त्यांत अस्सल शेवया आणि उंची सोया सॉस घालूनहि उपयोग होत नाहीं.

चार-पांच माणसांना २५० ग्रॅम दांगम्यॉन पुरतात. मोठ्या शहरांत परदेशी जिन्नस ठेवणाऱ्या दुकानांतून त्या मिळूं शकतात. पुडक्यावर रताळ्याचें पिष्ट लिहिलेलें पाहून घ्यावें. मुगाच्या बारीक पांढऱ्या शेवया वापरल्या तर पदार्थ वाईट होत नाहीं, पण त्या लवकर मऊ पडतात आणि तो चिवटपणा येत नाहीं. शिवाय पालकाची एक जुडी, एक गाजर, एक कांदा, पांच-सहा सुकीं शिताके अळंबीं, मिळाल्यास मूठभर काळीं कानाच्या आकाराचीं अळंबीं, दोन अंडीं, आणि मांसाहारी घरांत शंभर-दीडशें ग्रॅम मांसाच्या बारीक पट्ट्या. कोरियांत मांस बहुधा गाईचें घालतात. तें नको असेल तर अळंबीं वाढवावीं. बौद्ध मठांत मांस, अंडें, कांदा, लसूण कांहींच न घालतां जापचे करतात, आणि तेंहि जापचेच.

तेलाविषयीं येथें सावध राहिलें पाहिजे. आपल्या घाण्याचें तिळाचें तेल कच्च्या तिळांचें असतें. तें फिकें आणि मंद वासाचें. कोरियन तेल खरपूस भाजलेल्या तिळांचें, मधाच्या रंगाचें आणि घरभर वास सुटेल असें असतें. तें तापवून वापरावयाचें नसतें. शेवटीं वासासाठीं घालावयाचें असतें. परतण्याला साधें वासरहित तेल घ्यावें. भाजलेल्या तिळांच्या तेलावांचून केलेल्या जापचेला कोरियन माणूस ओळखणार नाहीं. फोडणीची मोहरी, हळद, हिंग यांचा येथें कांहीं संबंध नाहीं. सोया सॉस गडद, मुरवलेला घ्यावा. कोरियन सारासाठीं वापरतात तो फिका सोया फार खारट पडतो.

प्रथम सुकीं अळंबीं कोमट पाण्यांत मऊ होईपर्यंत भिजवावीं. रस अगोदर कालवून ठेवावा: सोया सॉस चार मोठे चमचे, साखर अडीच चमचे, भाजलेल्या तिळांचें तेल दोन चमचे, थोडी ठेचलेली लसूण आणि मिऱ्यांची पूड. यांतला थोडा अळंब्यांना व मांसाला चोळून ठेवावा. पालक उकळत्या पाण्यांत अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यांत टाकावा, मुठींत घट्ट पिळावा, आणि मीठ व तिळाचें तेल लावून बाजूस ठेवावा. पिळण्यांत आळस केला तर पालकाचें पाणी सर्व थाळीभर पसरतें. नवशिक्याचें जापचे पाणचट होतें तें येथेंच.

मग एकच कढई घेऊन फिक्या रंगाकडून गडद रंगाकडे जावें. अंड्याचा पांढरा व पिवळा भाग वेगळा करून त्यांच्या पातळ पोळ्या कराव्या, सुरळी करून पट्ट्या कापाव्या. त्यानंतर कांदा, चिमूटभर मिठाबरोबर. तो तांबूस होऊं देऊं नये, पारदर्शक झाला कीं काढावा. त्यामागून गाजर, मग अळंबीं, आणि अगदीं शेवटीं मांस. प्रत्येक वस्तु काढून परातींत पसरून निवूं द्यावी. या क्रमानें गेलें कीं कढई मधेंच धुवावी लागत नाहीं, आणि पांढरें पांढरें राहतें, पिवळें पिवळें राहतें. पांढरा, काळा, तांबडा, पिवळा आणि हिरवा-निळा हे कोरियनांचे पांच रंग. जापचेच्या थाळींत ते सर्व दिसावे अशी त्यांची धारणा असते. या धारणेंतून रंग जसे वेगळे राहतात तशा चवीहि वेगळ्या राहतात.

शेवया मोठ्या भांड्यांत भरपूर उकळत्या पाण्यांत सहा ते आठ मिनिटें शिजवाव्या. पुडक्यावरची वेळ पाहावी, पण विश्वास दांतांवर ठेवावा: एक तार चावून पाहावी, मध्यें पांढरा कण राहिला नसावा आणि ती लवचिक असावी. निथळून थंड पाण्याखालीं धरल्या म्हणजे वरचें चिकट पिष्ट धुऊन जातें. कित्येक जुन्या स्वयंपाकिणी धूत नाहींत. गरम असतांनाच त्यांना रस पाजतात, कारण ऊन शेवई रस अधिक पिते. दोन्ही रीती चालू आहेत. धुतलेल्या असल्या तर पुरतें निथळणें आवश्यक. नंतर कात्रीनें दोन-तीनदां कापाव्या, नाहीं तर एक घांस उचलतांना सबंध थाळी उठून येते. वाढदिवसाच्या थाळींत मात्र कात्री फारशी चालवीत नाहींत. लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य.

मग कढईंत उरलेला रस सौम्य आंचेवर ठेवून त्यांत शेवया घालाव्या आणि दोन-तीन मिनिटें सतत हलवाव्या. करडा रंग जाऊन त्या तपकिरी, पारदर्शक आणि तुकतुकीत होतात. रस सर्व आंत गेला पाहिजे, तळाशीं राहतां कामा नये. भाज्यांना त्यांची चव अगोदरच दिलेली आहे, आणि शेवयांना त्यांची. ज्याच्या त्याच्या अंगीं चव मुरल्यावरच दोहोंची गांठ घालावयाची. यी योंग-गी यांचें भय टाळण्याचा मार्ग एवढाच आहे. परातींत सर्व एकत्र करावें तें हातानें. पळ्यानें शेवया तुटतात आणि भाज्या एका कोपऱ्यांत गोळा होतात. शेवटीं चमचाभर तिळाचें तेल आणि भाजलेले तीळ. चाखून पाहावें, गोडवा जिभेवर आधीं यावा आणि खारटपणा मागून.

शेवया अर्ध्याहून कमी आणि भाज्या अर्ध्याहून अधिक असें प्रमाण ठेविलें तर चव जुन्या थाळीच्या जवळ जाते. खाणावळींतून उलट असतें, कारण शेवई स्वस्त पडते.

जापचे ऊन असतां किंवा निवाल्यावरहि खातात. परंतु शीतपेटींत ठेविलें कीं दुसऱ्या दिवशीं शेवया पांढुरक्या आणि ताठ होतात, कारण फुगलेलें पिष्ट थंडींत पुन्हां आवळून बसतें. पदार्थ बिघडला असें समजून तो टाकूं नये. कढईंत दोन चमचे पाणी शिंपडून मंद आंचेवर परतावा. कांच पुन्हां आरपार दिसूं लागते. कोरियन घरांत सणाच्या दुसऱ्या दिवशीं हें उरलेलें जापचे असेंच गरम करून भातावर वाढतात, आणि मुलें पहिल्या दिवसापेक्षां त्याचीच अधिक वाट पाहतात.